तासांचा हिशेब, तयारीचा बेहिशेब

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि शिक्षकखोलीत वेळापत्रकाची धुसफूस सुरू होते. दहावी कुणाला दिली, पाचवी 'ब'चा शेवटचा तास कुणाच्या माथी मारला, कुणाचे किती तास ऑफ राहिले. जळगाव-अमळनेरच्या मोठ्या हायस्कुलात हे आठवडाभर चालतं. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत या भांडणाला जागाच नसते. शिक्षक दोन, इयत्ता चार, कधी पाच. वाटणी आधीच झालेली असते.

दोन्हीकडचा प्रश्न मात्र एकच. एका माणसाने एका दिवसात किती वेगवेगळे वर्ग शिकवावेत, आणि ते नीट शिकवायचे तर त्याला काय काय लागतं? आपल्याकडे या प्रश्नावरची सगळी चर्चा तासांच्या भाषेत होते. अमक्याला आठवड्याला तीस तास, तमक्याला बत्तीस. माझ्या मते मोजायच्या त्या तयाऱ्या. नववीच्या तीन तुकड्यांना गणित शिकवणारा शिक्षक रोज तीन तास घेतो, पण घरी तयारी एकाच धड्याची करतो. त्याच्याच शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना पाचवीचं मराठी, सातवीचा इतिहास आणि नववीचं हिंदी दिलेलं असतं. तासही तीनच. कागदावर दोघांचा भार सारखा दिसतो, पण रात्री नऊनंतर बाईंच्या घरचा दिवा उशिरापर्यंत जळतो.

गंमत म्हणजे कायद्याला ही गोष्ट ठाऊक आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि त्यात 'तयारीच्या तासांसह' असे शब्द आहेत. हे ४५ तास आपण किती वेळा ऐकले असतील. त्यातली तयारी कुणी वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही. त्याच परिशिष्टात आणखी एक तरतूद आहे, आणि खानदेशातल्या लहान शाळांचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. ६१ ते ९० ला तीन. म्हणजे ५५ मुलांच्या शाळेत पाच इयत्ता आणि दोन शिक्षक हे कायद्यानेच गृहीत धरलेलं आहे. एका शिक्षकाने एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणं ही तिथली अडचणीची किंवा तात्पुरती अवस्था नाही, तीच तिथली रीत आहे. तरीही पाठ्यपुस्तक, वार्षिक नियोजन, दैनंदिन टाचण, चाचण्या आणि तपासणीला येणारा साहेब, या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एक वर्ग, एक शिक्षक, एक फळा असंच चित्र असतं.

त्याच परिशिष्टातला तिसरा आकडा लावून पाहू. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. दोन इयत्ता एका खोलीत बसल्या की शिक्षकाचं थेट लक्ष प्रत्येकीला निम्मं, म्हणजे ४०० तास. चारही एकत्र आल्या की २००. उरलेल्या वेळात मूल काय करतं, यावर त्या शाळेचा बरा-वाईटपणा ठरतो. बहुवर्ग अध्यापनाची सारी कला त्या उरलेल्या वेळेत आहे.

अशा शाळेतला एक तास जवळून पाहण्यासारखा असतो. समजा तिसरी आणि चौथी एका खोलीत आहेत. सर चौथीला हातच्याची वजाबाकी समजावत आहेत. पुढ्यात चिंचोके, तुरकाठ्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. एक गठ्ठा सोडायचा, दहा सुट्या काड्या करायच्या, मग त्यातून काढायच्या. पोरांचे हात गठ्ठ्याच्या रबराशी झटत असतात. तिसरीला पाच उदाहरणं फळ्यावर लिहून दिलेली. सातव्या-आठव्या मिनिटाला तिसरीतून आवाज येतो, "सर, मनं व्हई गयं. आते काय करू?" बहुवर्ग शाळेत दिवसातून सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य हेच असावं. चौथीतला गठ्ठा अर्धवट सुटलेला असतो. सर उठले तर चौथीचा धागा तुटतो; नाही उठले तर ज्याचं झालं तो शेजाऱ्याची पाटी पुसतो. चांगल्या शिक्षकाने याची सोय सकाळीच लावलेली असते: झालं की कोपऱ्यातल्या पेटीतलं गोष्टीचं पुस्तक घ्यायचं, किंवा भिंतीवर जमिनीलगत रंगवलेल्या फळ्याच्या आपल्या तुकड्यावर नवी पाच उदाहरणं स्वतः रचायची आणि शेजाऱ्याला सोडवायला द्यायची. ही सोय फुकट होत नाही. ती आदल्या संध्याकाळची तयारी असते, आणि टाचणाच्या वहीत तिच्यासाठी रकाना नसतो.

वर्गांची जोडी कशी लावायची, हा दुसरा मोठा मुद्दा. सर्वत्र दिसणारी पद्धत म्हणजे पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. सोयीची वाटते, पण मला ती उलटी वाटते. पहिली आणि दुसरी या दोन्ही इयत्तांतली मुलं अजून स्वतः वाचत नाहीत. त्यांना स्वाध्याय देऊन बाजूला बसवता येत नाही. एका शिक्षकाच्या गळ्यात दोन्ही परावलंबी वर्ग आणि दुसऱ्याकडे दोन्ही सुटे, ही वाटणी विषम आहे. पहिलीबरोबर तिसरी आणि दुसरीबरोबर चौथी ठेवली तर प्रत्येक खोलीत एक वर्ग तरी स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. तिसरीतली मुलगी पहिलीतल्या भावाला अक्षरं गिरवायला मदत करते, हा वरचा फायदा. तो फायदा जपून घ्यावा लागतो. रोज दहा-पंधरा मिनिटं ठीक. त्यापुढे ती मुलगी बिनपगारी मदतनीस होते आणि तिची स्वतःची तिसरी वाया जाते.

जोडीचं कुठलंही नियोजन एका गोष्टीपुढे मात्र कोसळतं. द्विशिक्षकी शाळेतल्या दोघांपैकी एक मुख्याध्यापक असतो. पंचायत समितीत बैठक, पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, यू-डायसची माहिती, आधारची दुरुस्ती, व्हॉट्सअॅपच्या गटावर 'आज दुपारपर्यंत, अत्यंत तातडीचे' म्हणून आलेला तक्ता. त्या दिवशी दुसऱ्याकडे चारही इयत्ता. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असं शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम सांगतं, पण शाळेच्याच नावाखाली येणारे कागद या कलमात अडकत नाहीत. म्हणून ज्यांनी या शाळा खरोखर चालवल्या आहेत ते दोन वेळापत्रकं करतात: एक दोघांच्या दिवसाचं, एक एकट्याच्या दिवसाचं. एकट्याच्या दिवशी नवा पाठ घ्यायचाच नाही. परिसर अभ्यास, गाणी, गोष्ट, मोजमाप, शाळेभोवतीच्या झाडांची यादी असं सगळ्यांना एकत्र घेऊन करता येईल ते करायचं. पहिलीच्या पोराने पान आणून द्यायचं, चौथीच्या पोरीने त्याचं वर्णन लिहायचं.

खानदेशात आणखी एक पेच आहे, आणि तो वेळापत्रकाच्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. दिवाळीच्या आगेमागे साक्री, शिरपूर, चाळीसगावकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत किंवा राज्यातल्या इतर कारखान्यांवर जातात. कपाशीच्या वेचणीला गावातलीही मुलं चार-चार दिवस गळतात. पावरा पाड्यांवर होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला माणसं परततात आणि वर्ग पुन्हा भरतो. तेव्हा चौथीच्या पटावरची दहा मुलं खरं तर तीन वेगळ्या ठिकाणी असतात: कुणी सप्टेंबरात थांबलेलं, कुणी चालत राहिलेलं, कुणी दुसरीतच अडकलेलं. वर भाषेचा थर. शिक्षक पारोळ्याचा, घरी अहिराणी बोलणारा. मूल पावरी बोलणारं. पुस्तक प्रमाण मराठीत. अशा वर्गात 'स्वाध्याय पान क्रमांक १४' म्हणून सोडून देता येत नाही, कारण पान क्रमांक १४ वरची सूचनाच मुलाला लागत नाही. एका इयत्तेचा एकच वर्ग असलेल्या शाळेतही शिक्षकापुढे तीन वर्ग असतात ते असे.

म्हणूनच मला इयत्तेपेक्षा पातळीवर गट करण्याची पद्धत जास्त पटते. 'प्रथम' संस्थेने देशभर रुजवलेली ही पद्धत साधी आहे. दिवसातला ठरावीक वेळ भाषा आणि गणितासाठी इयत्तांच्या भिंती पाडायच्या. अक्षर ओळखणारे एकत्र, शब्द वाचणारे एकत्र, परिच्छेद वाचणारे एकत्र. चार इयत्तांचे तीन गट होतात, आणि दोन शिक्षकांना तीन गट सांभाळणं चार इयत्तांपेक्षा सोपं जातं. तयाऱ्याही कमी होतात. ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' पाहणीत दरवेळी दिसतं की देशातल्या निम्म्याहून जास्त ग्रामीण शाळांत दुसरीची मुलं इतर इयत्तांबरोबरच बसलेली असतात. बसवण्याची ही सवय आहेच, तर ती जन्मतारखेच्या क्रमाने का? २०२१ साली आलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे उद्दिष्ट आहे. ते गाठायचा माझ्या समजुतीप्रमाणे दुसरा रस्ता या शाळांना नाही. आक्षेप एकच आणि तो खरा: चौथीचं मूल दुसरीच्या गटात बसलं की आईबाप विचारायला येतात. पाड्यावर कमी, गावात जास्त.

ही पद्धत नवी नाही, हेही सांगून टाकू. पंतोजींच्या शाळेत इयत्ताच नव्हत्या; सहा वर्षांचं मूल धुळाक्षरं गिरवी आणि बारा वर्षांचा मुलगा मोडी वाची, एकाच ओसरीवर. थोरला धाकट्याला शिकवी. मद्रासजवळच्या एग्मोर इथे अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल याने मलबारी शाळेत वाळूत बोटाने अक्षरं काढणारी मुलं पाहिली आणि ती रीत उचलली. १७९७ साली लंडनमध्ये त्यावर अहवाल छापला. मुलांनी मुलांना शिकवायची ही पद्धत मग इंग्लंडभर पसरली. आपल्याकडे मात्र इंग्रजी अमलात इयत्तांच्या चौकटी आल्या आणि ओसरीवरची शाळा मागासलेली ठरली.

अलीकडच्या प्रयोगांपैकी दोनांची नावं घ्यायला हवीत. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत पद्मनाभ राव आणि रमा यांनी कार्डांची शिडी केली. प्रत्येक मूल आपल्या पायरीवरचं कार्ड उचलतं, करतं, पुढे जातं. शिक्षक गटागटांत फिरतो. तमिळनाडूने हाच धागा चेन्नईच्या महापालिका शाळांत आणि नंतर राज्यभर नेला. कोलंबियात विकी कोल्बर्ट यांनी सत्तरच्या दशकात 'एस्कुएला नुएव्हा' नावाने खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी असंच काही उभं केलं. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या, आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर जमिनीवर रंगवलेले तक्ते, काड्यांचे गठ्ठे, जमिनीलगतचे फळे खानदेशातही आले. ठिकठिकाणी ते अजून आहेत, रंग उडालेले. कार्ड हरवतात, शिक्षकाची बदली होते, नवा येतो त्याला शिडी कळत नाही. साहित्य टिकतं ते केंद्रप्रमुख दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्यावर बोलत असेल तिथेच. धुळे जिल्ह्यात हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने आणि लोकवर्गणीने जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या. बहुवर्ग शिक्षकाच्या दृष्टीने पडद्याचा उपयोग मर्यादित पण खरा आहे: एका इयत्तेला वीस मिनिटं काही पाहायला-ऐकायला लावून दुसरीकडे वळता येतं. पाड्यावर वीज असेल तर.

पाठ्यपुस्तकांनी मदत केली का? बालभारतीने २०२३-२४ साली काही इयत्तांची पुस्तकं चार भागांत, सगळे विषय एकत्र आणि मध्ये वहीची पानं घालून काढली. दप्तर हलकं झालं, पण दोन वर्षांतच तो प्रयोग मागे घेतला गेला. दोन इयत्तांना मिळून एक विषयसूत्र आणि त्याच्या दोन पायऱ्या, म्हणजे पाणी हा पाठ दुसरीलाही आणि चौथीलाही त्याच आठवड्यात, असं नियोजन मात्र राज्याने अजून दिलेलं नाही. ते शिक्षक स्वतः करतात. दोन्ही इयत्तांची पुस्तकं समोर ठेवून, जुळणारे पाठ शोधून, क्रम बदलून.

आता हायस्कुलाकडे. तिथे वर्ग एकावेळी एकच असतो, पण घंटेगणिक बदलतो. बहुतेक शाळांत सोमवार ते शुक्रवार आठ-आठ आणि शनिवारी सकाळी पाच, असे ४५ तास वेळापत्रकात येतात. शिक्षक सहा तास घेतो, उरलेल्यात बदली तास. दहावीच्या भूमितीतून उठून पाचवीच्या गोंगाटात शिरायचं, पस्तीस मिनिटांनी पुन्हा आठवी. वरवर क्षुल्लक वाटणारी एक युक्ती इथे फार चालते: प्रत्येक वर्गाची सुरुवातीची पाच मिनिटं ठरलेली असावीत. पाचवीत पाढे, आठवीत पाच शब्द शुद्धलेखन, दहावीत कालचं एक उदाहरण. मुलं आपोआप कामाला लागतात आणि शिक्षकाला मागचा वर्ग डोक्यातून उतरवायला सवड मिळते.

खरी दमछाक वह्यांची. पाच वर्ग, प्रत्येकी पन्नास मुलं, म्हणजे २५० वह्या. एका वहीला तीन मिनिटं धरली तर साडेबारा तास. हे कुणी करत नाही, करू शकत नाही. मग लाल शाईची एक आडवी रेघ आणि सही. प्रत्येक वर्गाच्या रोज पाचच वह्या उचलल्या, तर सव्वा तासात २५ नीट तपासून होतात आणि दहा शाळादिवसांत सगळ्यांची फेरी पूर्ण होते. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक पानावर सही हवी असते, म्हणून हा शहाणपणा मागे पडतो. घशाचीही गोष्ट आहे. सहा तास साठ-साठ मुलांपुढे, पत्र्याखाली, एप्रिलच्या जळगावी उन्हात बोललेला माणूस संध्याकाळी घरी गप्प असतो. पुष्कळ जण त्याला स्वभाव समजतात.

कोण काय शिकवणार हे अनुभवाच्या उतरंडीने ठरतं. ज्येष्ठांना दहावी आणि एक विषय. नव्या शिक्षणसेवकाला पाच इयत्तांचे पाच तुकडे, वर स्काउट आणि स्नेहसंमेलन. ज्याला सर्वांत कमी अनुभव त्याला सर्वांत जास्त तयाऱ्या. २ मे २०१२ च्या शासन निर्णयानंतर भरती वर्षानुवर्षं अडली, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्यांचे विषय उरलेल्यांत वाटले गेले. विज्ञानाचे शिक्षक भूगोल घेताना दिसतात ते त्यामुळे. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची अवस्था याहून उघड आहे: त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. तयारीची किंमत शून्य धरून तो दर ठरलेला असतो.

अशा वेळी कुणीतरी साने गुरुजींचं नाव काढतंच. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, वसतिगृह सांभाळत होते, मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवत होते आणि 'विद्यार्थी' मासिकही काढत होते. हे सारं खरं. पण एका संन्यस्त, एकट्या माणसाच्या सहा वर्षांवरून, घरी दोन मुलं आणि म्हातारे आईबाप असलेल्या, रोज भुसावळहून एसटीने ये-जा करणाऱ्या बाईंचं कामाचं प्रमाण ठरवू नये. गुरुजींच्या नावाने शिक्षकदिनी भाषणं करायची आणि त्याच शिक्षकाला दुसऱ्या दिवशी बदली तासांवर जुंपायचं, यात गुरुजींचाही मान राहत नाही.

धोरणाचा वारा सध्या उलटा वाहतो आहे. १९८७ सालच्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली द्यायचं ठरवलं होतं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने लहान पटाच्या शाळांतली पदंच आवळली. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी पट असेल तर नियमित पद न देण्याच्या तरतुदीवर शिक्षक संघटनांचा मोठा आक्षेप आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात लहान शाळांतल्या दोनपैकी एका जागी कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय आला आणि २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभरातले शिक्षक सामुदायिक रजेवर गेले. वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा राज्यात आहेत. त्या मिटवून समूहशाळा कराव्यात, म्हणजे प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळेल, असं एक मत आहे. मैदानी जळगावात, पक्क्या रस्त्यांवर, ते काही ठिकाणी चालेलही. सातपुड्यात श्रावणातला एक नाला त्या योजनेला पुरतो. सात वर्षांचं पोर पाड्याबाहेर गेलं नाही की त्याची शाळाच संपते. त्यापेक्षा दोन शिक्षकांची बरी चाललेली बहुवर्ग शाळा शंभर पटीने चांगली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती बरी चालावी यासाठी पैशाआधी दोन गोष्टी लागतात. हायस्कुलाच्या वेळापत्रकात तासांशेजारी तयाऱ्यांचा रकाना घालावा आणि कुणालाही तीनपेक्षा जास्त देऊ नयेत. हे मुख्याध्यापक येत्या जूनमध्ये करू शकतात. दुसरी गोष्ट अध्यापक विद्यालयांची. डी.एल.एड.चा विद्यार्थी सराव पाठ देतो तो एका वर्गावर, पस्तीस मिनिटं, मागे निरीक्षक, पुढे शहाणी बसलेली मुलं. नोकरी लागते ती मात्र चार इयत्तांच्या पाड्यावर. जळगाव आणि धुळे इथल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी आंतरवासितेतला एक सबंध महिना यावल, शिरपूर किंवा साक्रीच्या द्विशिक्षकी शाळेत ठेवला, तर तिथल्या शिक्षकाला महिनाभर तिसरा हात मिळेल, मुख्याध्यापक बैठकीला गेला तरी एक वर्ग उघडा पडणार नाही, आणि "आते काय करू?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे त्या पोराला नेमणुकीच्या आधीच माहीत असेल.